उजव्या हाताची कात्री

मी एक जुनी कात्री आहे. मित्रांनो, जगातलं कुठलंही मोठं कार्य कापल्याशिवाय सुरू होत नाही. माणूस जन्माला येतो तो नाळ कापून. पूल, रस्ते आणि दवाखाने उघडतात ते फीत कापून. माणसाची प्रगती चाकापासून सुरू झाली असं तुमच्या पुस्तकात लिहिलेलं असेल. चाक करायला आधी काहीतरी कापावं लागलं असणार, हे ते पुस्तक लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेलं नाही. थोडक्यात, कात्री नसती तर तुम्ही आम्ही कुठे असतो हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. मी स्वतः मात्र आयुष्यभर कोंबड्याची पिसं कापली.

खरं तर माझा जन्म डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी झाला होता. निदान कारखान्यात तसं ठरलं होतं. निमुळती पाती, सुईसारखी टोकं, अंगावर झिलई. पण तपासणीच्या टेबलावर एका बाईंनी मला भिंगाखाली धरलं, एका पात्यावर केसाएवढा ओरखडा त्यांना दिसला आणि त्यांनी मला उचलून शेजारच्या ट्रेमध्ये टाकलं. त्या ट्रेमधल्या कात्र्या शस्त्रक्रियेला जात नाहीत. त्या दुकानात जातात आणि सुतळीने एकत्र बांधून एका खोक्यात पडून राहतात.

तिथून मला अप्पांनी उचललं. अप्पा नकाशे काढणाऱ्या कचेरीतून निवृत्त झाले होते आणि दुकानात शिरले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशात पीस होतं. त्यांनी खोक्यातल्या कात्र्या एकेक करून उजेडासमोर धरल्या. मित्रांनो, कात्री कशी निवडावी हे तुम्हाला शाळेत कोणी सांगणार नाही, म्हणून सांगते. पाती मिटली की मधून उजेडाची बारीक फट दिसली पाहिजे. पात्यांनी एकमेकांना टेकायचं ते फक्त टोकाशी आणि स्क्रूपाशी. मग कडीत बोट घालून बघायचं. ते दुसऱ्या पेरापर्यंत सहज गेलं पाहिजे, कारण हे काम करणारा माणूस कात्री खाली ठेवत नाही. ती तळहातात मिटून धरतो आणि उरलेल्या बोटांनी दोरा फिरवतो. शेवटी पिसाचा एकच तंतू घ्यायचा आणि अगदी टोकाने कापायचा. तो कापला गेला तर कात्री. दुमडला तर लोखंड.

मी तो कापला.

"आजोबा, नखं काढायला हवी आहे का?" दुकानदाराने विचारलं.

"माश्या बांधायला," अप्पा म्हणाले.

दुकानदाराने पुढे काही विचारलं नाही. गिऱ्हाइकाच्या घरात काय चालतं याची चौकशी करायची त्याची पद्धत नव्हती.

तुम्हाला मात्र सांगायला हवं. गळाच्या बारीक आकड्यावर पीस, लोकर आणि दोरा गुंडाळून खोटी माशी करतात. मासे धरणारे लोक ती नदीवर फेकतात. मासा तिला खरी समजतो आणि तोंड उघडतो. एवढाच उद्योग आहे. अप्पांनी स्वतः कधी मासा धरला नाही. पाण्यात पाय भिजलेले त्यांना आवडत नसत. पण त्यांच्या माश्या इतक्या हुबेहूब असत की गळाच्या दुकानाचा मालक, ज्यांना सगळे गळशेठ म्हणत, त्यांनी काउंटरवर एक वेगळा पत्र्याचा डबा ठेवला होता आणि त्यावर कागद चिकटवला होता: 'अप्पांच्या'. अप्पा संध्याकाळी फिरायला जात ते त्या दुकानावरून. दुसरा रस्ता जवळचा होता.

अप्पांचं टेबल खिडकीपाशी होतं. टेबलाच्या कडेला आकडा धरणारा छोटा शिकंजा आवळलेला. शेजारी दोऱ्याचं रीळ धरणारी नळी, पिसाचं टोक पकडणारा चिमटा, गाठीवर वार्निशचा थेंब सोडणारं दाभण आणि मी. आमच्या देखभालीचे नियम होते आणि ते घरातल्या माणसांच्या नियमांपेक्षा कडक होते. पीस कापायचं ते माझ्या टोकाने. तार कापायची वेळ आलीच तर अगदी स्क्रूजवळच्या भागाने. नळीच्या तोंडाला मेण साचू द्यायचं नाही, नाहीतर दोरा तुटतो आणि माणूस दोऱ्याला शिव्या देतो. स्क्रूवर तेलाचा एक थेंब सोडायचा आणि लगेच पुसून टाकायचा. तेल देणारे पुष्कळ असतात, पुसणारे थोडे. तेल पिसाला लागलं की तरंगायची माशी बुडते.

"माझ्या गुडघ्याला कधी इतक्या प्रेमाने तेल लावलंत का?" आई दारातून विचारत. आई म्हणजे अप्पांच्या पत्नी.

"तुझ्या गुडघ्याला स्क्रू नाही."

"आहे. गेल्या वर्षी डॉक्टरांनी बसवलाय. तुम्हीच दवाखान्यात बाहेर बसला होतात."

अप्पांना आठवलं. ते जरा वेळ शिकंजा पुसत राहिले.

अशी वर्षं गेली. मुलाचं लग्न झालं, तो बोटीवरच्या नोकरीवर गेला आणि सून घरी राहिली. सकाळी ती चष्म्याच्या दुकानात फ्रेममध्ये भिंगं बसवायची. दुपारी घरी यायची. सून डावरी होती. जेवताना शेजारच्या माणसाच्या कोपराला तिचा कोपर लागायचा, म्हणून तिला टेबलाच्या टोकाची खुर्ची मिळाली होती. त्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती, टोकाच्या खुर्चीचीसुद्धा.

तिला अप्पांचं काम बघायला आवडायचं. ती संध्याकाळी त्यांच्यासमोर बसून पिसं लांबीप्रमाणे लावून द्यायची. एके दिवशी तिने विचारलं, "अप्पा, मला शिकवाल?"

अप्पांनी विचार केला. ते मनाला लागेल असं बोलणारे नव्हते, पण खोटंही बोलत नसत.

"तू डावरी आहेस."

"हो."

"हत्यारं उजवी आहेत."

"मी दोरा उलटा गुंडाळीन."

"मग माशी उलटी होईल. बाई, यात तुझा काही दोष नाही. हत्यारांचाही नाही. जमायचं नाही, एवढंच."

मला हे पटलं होतं. कात्रीला हात असतो हे पुष्कळांना माहीत नसतं. उजव्या हातात धरलं की अंगठा आणि बोटं आपोआप माझी पाती एकमेकांवर दाबतात. डाव्या हातात तीच बोटं पाती एकमेकांपासून दूर ढकलतात. मग पीस कापलं जात नाही, मधे चिमटलं जातं. अप्पा बरोबरच बोलले होते. फक्त एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही. समोर बसणाऱ्याला आपला उजवा हात त्याच्या डाव्या बाजूला दिसतो, आरशात दिसावा तसा. अप्पांनी तिला शिकवायचं नाकारलं आणि नाकारल्यानंतरही रोज संध्याकाळी तासभर तिच्यासमोर बसून, नकळत, डाव्या हाताने कसं बांधायचं ते दाखवत राहिले.

मग अप्पांचा अंगठा हलायला लागला. हे सर्वांत आधी मला कळलं, कारण तो अंगठा माझ्या कडीत असायचा. नंतर माश्यांना कळलं. पिसं तिरकी बसू लागली, गाठी ढिल्या पडू लागल्या. अप्पांनी या संकटावर शिकलेल्या माणसाचा उपाय केला: त्यांनी हत्यारांची देखभाल वाढवली. शिकंजा सुटा करून धुतला. चिमट्याच्या एका टोकावर सायकलच्या ट्यूबची रबरी नळी चढवली, म्हणजे पीस घसरणार नाही. नळीचं तोंड दोऱ्याला पॉलिश लावून आतून घासलं. मला दगडावर धार लावली आणि मग ती धार जास्त झाली म्हणून थोडी उतरवली. हत्यारं कधी नव्हती इतकी लखलखीत झाली, आणि माश्या कधी नव्हत्या इतक्या वाईट.

एके दिवशी गळशेठ स्वतः घरी आले. हातात डबा होता.

"अप्पा, गिऱ्हाइकं म्हणतात पहिल्या फेकीलाच पिसं सुटतात."

"त्यांना फेकता येत नसेल."

"इतकी वर्षं येत होतं."

अप्पांनी डब्यातली एक माशी उचलली, बघितली, परत ठेवली. "दोरा खराब होता. नवीन मागवलाय."

"मागवा," गळशेठ म्हणाले. त्यांनी चहा घेतला, हवेबद्दल बोलले, आणि दाराशी चपला घालताना, म्हणजे खरं बोलायची जी वेळ असते तेव्हा म्हणाले, "हंगाम उघडतोय. या खेपेला जरा नीट द्या. नाहीतर मला दुसरीकडून घ्याव्या लागतील. आणि मग डब्यावरचा कागद... म्हणजे तुम्ही समजून घ्या."

अप्पांनी समजून घेतलं. त्या संध्याकाळी ते जवळच्या रस्त्याने फिरून आले. जेवताना एकच पोळी घेतली आणि दोऱ्याच्या घसरत्या दर्जाबद्दल बरंच बोलले. आई आणि सून एकमेकींकडे बघत नव्हत्या. ज्या बायकांना एकमेकींशी काही बोलायचं असतं त्या असंच करतात.

दुसऱ्या दुपारी अप्पा वामकुक्षीला गेले. आईंनी आतल्या दाराशी खुर्ची टाकली आणि विणकाम घेऊन बसल्या.

"झोपले," त्या म्हणाल्या.

सून अप्पांच्या खुर्चीत बसली. तिने शिकंजा फिरवून उलट्या बाजूला तोंड केलं, अप्पांची सकाळची एक माशी त्यात धरली, माझ्या टोकाने गाठ कापली आणि सगळा दोरा सोडवून टाकला. मग त्याच पिसांची, त्याच आकड्यावर, पुन्हा माशी बांधली. डाव्या हाताने. मित्रांनो, ती माशी बघून मी थक्क झाले, असं म्हणणार होते. पण मी तेव्हा फार वेदनेत होते. माझी पाती फाकत होती, पीस मधे अडकत होतं आणि तिच्या अंगठ्याला कडी घासून फोड येत होता. शेवटी तिने पर्समधून चष्म्याचा बारीक स्क्रूड्रायव्हर काढला आणि माझा स्क्रू आवळला. मग जमलं.

"आई, त्यांना कळलं तर?"

"कळत नाही. तू मला नवीन चष्मा आणून दिलास त्याला चार महिने झाले. अजून त्यांना कळलेलं नाही."

"चष्मा वेगळा. हे त्यांचं आहे."

"म्हणून तर," आई म्हणाल्या आणि विणकामातले टाके मोजू लागल्या.

उठताना सून शिकंजा परत होता तसा फिरवून ठेवायची. स्क्रू मात्र सैल करायचं विसरायची. संध्याकाळी अप्पा मला हातात घेत आणि म्हणत, "कात्री आखडतेय." मग ते तेल देत, पुसत आणि स्क्रू सैल करत. दुसऱ्या दुपारी सून तो आवळी. संध्याकाळी अप्पा सैल करत. एका कात्रीला दोन माणसं मनापासून जपत होती. असे हाल माझे पूर्वी कधी झाले नव्हते.

माल गेला. गळशेठचा फोन आला. "अप्पा, पहिल्यासारख्या. काय केलंत?"

"देखभाल," अप्पा म्हणाले.

त्या दिवशी जेवताना त्यांनी देखभाल या विषयावर भाषणच केलं. माणसाचा हात काय, हात कुणालाही असतो. हत्यार नीट ठेवलं की हात आपोआप नीट चालतो. सून "हो अप्पा" म्हणत होती. आईंना पाणी पिताना ठसका लागला.

"सूनबाई, तुमच्या दुकानात ते स्क्रूड्रायव्हर असतात, त्यांनाही अधूनमधून तेल देत जा," अप्पा म्हणाले.

"देते अप्पा."

हे असंच चाललं असतं. पण अप्पांना एक खोड होती. झालेला नकाशासुद्धा ते शेवटी एकदा तपासत. एका सकाळी, सून कामावर आणि आई अंघोळीला गेलेल्या असताना, त्यांनी द्यायच्या डब्यातून एक माशी काढली. तिचं डोकं जरा मोठं वाटत होतं. शिकंज्यात धरून त्यांनी माझ्या टोकाने गाठ कापली आणि हाताच्या सवयीने दोरा उलगडायला लागले. दोरा सुटला नाही. आणखी गुंडाळला गेला.

त्यांनी पुन्हा करून बघितलं. मग दुसऱ्या दिशेने फिरवला, तर सुटला.

अप्पांनी चष्मा लावला. डब्यातली दुसरी माशी काढली, मग तिसरी. त्यांनी त्या भिंगाखाली धरल्या आणि परत ठेवल्या. मग एक नवीन आकडा घेतला आणि स्वतः एक माशी बांधायला बसले. आई अंघोळ करून आल्या, देवाला दिवा लावून गेल्या, भाजी चिरून झाली, तोवर ते बांधत होते. झाल्यावर त्यांनी ती आणि डब्यातली एक शेजारी शेजारी ठेवली. बराच वेळ बघितलं. मग मला उचललं आणि स्वतःच्या माशीचा दोरा कापला. पिसं कचऱ्याच्या टोपलीत टाकली. आकडा पुसून परत आकड्यांच्या डबीत ठेवला. काम संपलं की हत्यार पुसायचं असा नियम होता, म्हणून मला पुसलं.

दुपारचं जेवण झालं. झोपायला जाण्यापूर्वी ते टेबलापाशी आले आणि त्यांनी माझा स्क्रू आवळला. त्यांच्या हाताला लागतो त्याहून बराच जास्त. मला वाटलं, म्हातारा चुकला.

सून येऊन बसली. तिने मला डाव्या हातात घेतलं, सवयीने पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला आणि स्क्रूवर टेकवला. तो फिरेना. तिने मला उघडलं, मिटलं. परत उघडलं. पिसाचा एक तंतू घेऊन कापला. कापला गेला.

"आई," ती हळूच म्हणाली, "अप्पा झोपलेत का?"

"घोरतायत."

"नक्की?"

आईंनी दारातून डोकावून बघितलं. जरा वेळ ऐकलं.

"डोळे मिटलेत," त्या म्हणाल्या. "घोरणं मात्र फारच व्यवस्थित आहे."

 सुनेने स्क्रूड्रायव्हर पर्समध्ये ठेवला आणि हातातली माशी पुरी केली. उठताना तिने शिकंजा परत फिरवला नाही. संध्याकाळी अप्पा आले, त्यांनी शिकंजा बघितला आणि तसाच ठेवला. घरात त्या दिवशी या विषयावर एवढीच चर्चा झाली.

काही दिवसांनी एक पार्सल आलं. अप्पांनी ते सर्वांसमोर फोडलं. आत एक कात्री होती. नवी, निमुळती, अंगावर झिलई, कुठे ओरखडा नाही. पाती मात्र माझ्या उलट बसवलेली.

"चुकीची पाठवली," अप्पा म्हणाले. "डाव्या हाताची आहे."

"परत करा," आई म्हणाल्या.

"परत घेत नाहीत. विचारलं मी."

"कधी विचारलंत? पार्सल आत्ता फोडलंत."

अप्पांनी आईंकडे दुर्लक्ष केलं. या कलेत त्यांचा हात कधीच हलला नव्हता. "सूनबाई, मला काही हिचा उपयोग नाही. पडून गंजेल. तुला चालते का बघ."

"बघते," सून म्हणाली. तिने कात्री उजेडासमोर धरली. मिटलेल्या पात्यांमधली फट बघितली. कडीत बोट घालून बघितलं. तिला हे कोणी शिकवलेलं नव्हतं, आणि अप्पा तिच्याकडे बघत नव्हते, खिडकीबाहेर बघत होते. पण त्यांची मान प्रत्येक पायरीला थोडी हलत होती.

"चालेल," ती म्हणाली.

"मग बस."

ती अप्पांच्या खुर्चीत बसली. अप्पांनी टेबलावरचा दिवा उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला, म्हणजे तिच्या हाताची सावली कामावर पडणार नाही. मग वळसा घालून समोरच्या खुर्चीत बसले आणि पिसं लांबीप्रमाणे लावू लागले. अंगठा हलत असला तरी पिसं लावता येतात. थोड्या वेळाने ते म्हणाले, "डोकं मोठं होतंय. दोन वेढे कमी घे."

"गाठ सुटेल ना?"

"नाही सुटणार. वार्निश आहे कशाला?"

पुढच्या खेपेचा माल न्यायला गळशेठ आले तेव्हा त्यांनी कोण कुठल्या खुर्चीत बसलंय ते बघितलं. दुकानदार माणूस. त्यांनी चहा घेतला, हवेबद्दल बोलले.

"उलट्या गुंडाळलेल्या असतात हल्ली," ते म्हणाले. "माझ्या केव्हाच लक्षात आलं होतं. पण माश्यांची काही तक्रार नाही. माशांचीही नाही."

 गळशेठ चपला घालू लागले आणि थांबले.

"अप्पा, डब्यावरचा कागद..."

सून म्हणाली, "तोच राहू दे."

अप्पा एक पीस उजेडाकडे धरून बघत होते. "त्या कागदावर पुढे जागा आहे का?"

"आहे थोडी."

"मग 'अप्पांच्या'च्या पुढे 'घरच्या' लिहा."

"बरं," गळशेठ म्हणाले आणि गेले. त्या संध्याकाळी अप्पा लांबच्या रस्त्याने फिरायला गेले. सूनही बरोबर गेली.

मित्रांनो, माझी गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण आत्मवृत्तात म्हातारपणही सांगावं लागतं. नवीन कात्री आल्यावर मला पुसायचं कारण राहिलं नाही. मी काही दिवस टेबलावर होते, मग खणात, मग खणाच्या मागच्या बाजूला. तिथे स्क्रूवर गंजाचा ठिपका आला. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते: हत्यारांची काळजी घ्या. त्यांना तेल द्या आणि ते पुसा. टोकाने तार कापू नका. आणि हत्यार निवडताना आधी हात बघा, कोणाचा आहे ते. हत्यार बदलता येतं. ही गोष्ट एका शहाण्या माणसाच्या फार उशिरा लक्षात आली, आणि त्याची किंमत मी मोजली, तरी मला वाटतं ती बरोबर होती.

एका सकाळी आईंना काहीतरी कापायला हवं होतं. त्यांनी खण उचकला आणि मला स्वयंपाकघरात नेलं. सध्या मी आईंच्या उजव्या हातात दुधाच्या पिशव्यांचे कोपरे कापते. आई नसल्या की सूनबाई पिशवी दाताने फाडतात.